विश्लेषण : आतड्यात आतडे अडकते तेव्हा… सर जोनाथन हचिन्सन यांच्या आयुष्यातून काय शिकावे?

पोटात कळ येते, दहा-पंधरा मिनिटे राहते आणि निघून जाते. चार दिवसांनी पुन्हा येते. भोकरदन तालुक्यात अशा कळीचा दोष बहुतेक वेळा तिखटावर जातो. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराचा हा तालुका असल्याने ते साहजिकही आहे. ओवा, हिंग, मेडिकलवरून आणलेली ॲसिडिटीची गोळी यांवर बहुतेकांचे भागते. मात्र क्वचित कोणाच्या तरी बाबतीत त्या कळीमागे तिखट नसते, तर आतड्याच्या आत वाढलेली चरबीची एक साधी गाठ असते. ही गाठ कर्करोगाची नसते. पण ती आतड्याचा एक भाग ओढत पुढच्या भागात नेते आणि आतड्यात आतडे अडकते. वैद्यकीय भाषेत याला ‘इंटससेप्शन’ म्हणतात. या आजारात पोट उघडून रुग्ण वाचवता येतो, हे दीडशे वर्षांपूर्वी लंडनमधील सर जोनाथन हचिन्सन या शल्यचिकित्सकाने एका दोन वर्षांच्या मुलीवर दाखवून दिले. त्यांचे आयुष्य आणि हा आजार एकत्र समजून घेतले, तर कळ अंगावर का काढू नये हे आपोआप कळते.

आतड्यात आतडे शिरते म्हणजे नेमके काय होते?

जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवा. वरून दाबली की एक नळी दुसऱ्या नळीत सरकत जाते. इंटससेप्शनमध्ये आतड्याचे असेच होते. आतडे ही स्नायूंची लवचीक नळी आहे. अन्न पुढे ढकलण्यासाठी तिच्यात सतत आकुंचनाच्या लाटा उठत असतात. या लाटांनी वरच्या बाजूचा आतड्याचा तुकडा खालच्या तुकड्यात ढकलला गेला की तो तिथेच अडकतो. सदऱ्याची बाही अर्धी आत दुमडली जावी, तसा प्रकार.

अडचण केवळ वाट बंद होण्याची नसते. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या ज्या पडद्यातून येतात, तो पडदाही आतड्यासोबत आत ओढला जातो आणि दाबला जातो. आधी रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, त्यामुळे आतडे सुजते. सुजेमुळे दाब आणखी वाढतो. शेवटी रक्तपुरवठाच थांबला तर तो भाग काळा पडतो, सडतो आणि फुटतो. पोटात विष्ठा व जंतू पसरले की जिवावर बेतते. म्हणून हा आजार दुर्मीळ असला तरी किरकोळ नाही.

लहान मुलांचा आजार मोठ्यांना कसा होतो?

इंटससेप्शन मुख्यतः लहान मुलांत, विशेषतः दोन वर्षांखालील बाळांत आढळते. एकूण रुग्णांपैकी प्रौढांचे प्रमाण साधारण 5 टक्के धरले जाते. प्रौढांमध्ये आतडे बंद होण्याची जी अनेक कारणे आहेत, त्यात याचा वाटा 1 ते 5 टक्के एवढाच आहे.

पण मुले आणि मोठी माणसे यांच्यात एक मूलभूत फरक आहे. मुलांमध्ये दहापैकी नऊ वेळा आतड्यात कोणतीही गाठ सापडत नाही. प्रौढांमध्ये नेमके उलटे. बहुतेक रुग्णांत आतडे ओढून नेणारे काही ना काही कारण तिथे बसलेले असते: मोड किंवा कोंब (पॉलिप), जुन्या शस्त्रक्रियेनंतरचा चिकटा, साधी गाठ किंवा कर्करोगाची गाठ. म्हणून मुलाचे आतडे सोडवले की बहुतेक वेळा काम संपते. मोठ्या माणसाचे आतडे सोडवले की खरा शोध सुरू होतो.

चरबीची साधी गाठ एवढा त्रास कसा देते?

हाताच्या किंवा पाठीच्या कातडीखाली मऊ, सरकणारी, न दुखणारी गाठ अनेकांना असते. तिलाच ‘लायपोमा’ म्हणतात. ती चरबीच्या पेशींची बनलेली असते. तशीच गाठ क्वचित आतड्याच्या भिंतीतही वाढते, बहुतेक वेळा आतल्या अस्तराच्या लगेच खाली. अन्नमार्गातल्या अशा गाठी लहान आतड्यापेक्षा मोठ्या आतड्यात जास्त आढळतात आणि मोठ्या आतड्यातही उजव्या बाजूला अधिक. पन्नाशी ते सत्तरी या वयात त्या जास्त दिसतात. बाहेर कातडीखाली गाठ असली म्हणजे आत आतड्यातही असेल, असे मात्र समजू नये.

लहान गाठ आयुष्यभर काहीच त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ती अचानक दिसते. ती साधारण 2 सेंटिमीटरहून मोठी झाली की त्रासाची शक्यता वाढते. अस्तराखालची गाठ नळीच्या आत लोंबू लागते, कधी तिला देठही येतो. आतड्याला ती पुढे न्यायच्या अन्नाच्या घासासारखीच वाटते. आकुंचनाच्या लाटा तिला पुढे ढकलतात, आणि ती भिंतीला जोडलेली असल्याने मागोमाग भिंतही ओढली जाते. गाठ स्वभावाने गरीब, पण तिची जागा घातक. अशा गाठीवरचे अस्तर घासून जखम झाली तर शौचावाटे रक्तही जाते.

हचिन्सन कोण होते?

जोनाथन हचिन्सन यांचा जन्म 23 जुलै 1828 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या सेल्बी या छोट्या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, कष्ट आणि सत्य बोलणे यांवर या ख्रिस्ती पंथाचा भर असे. वडील जवसाच्या तागाच्या व्यापारात होते आणि घरात मुले बरीच. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास जोनाथन यॉर्क शहरात एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारीला लागले. त्या काळी वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात अशीच होई. आधी एका डॉक्टरकडे मदतनीस म्हणून राबायचे, औषधे कुटायची, रुग्णांच्या घरी जायचे आणि मग रुग्णालयात शिकायला जायचे.

पुढे ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात गेले. तिथे जेम्स पॅजेट यांच्यासारखे शिक्षक लाभले. 1850 मध्ये ते शल्यचिकित्सक म्हणून पात्र झाले. 1856 मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्यांचा संसारही मोठा होता. 1859 मध्ये त्यांना लंडन हॉस्पिटलमध्ये साहाय्यक शल्यचिकित्सकाची जागा मिळाली, 1863 मध्ये ते पूर्ण शल्यचिकित्सक झाले आणि 1883 पर्यंत तिथेच राहिले. हे रुग्णालय व्हाइटचॅपल या भागात होते. गोदी कामगार, स्थलांतरित, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाया यांची ही वस्ती. गरिबांचे, उशिरा आलेले, वाढलेले आजार त्यांनी रोज पाहिले.

त्यांची ओळख कशासाठी होती?

निरीक्षणासाठी. आज डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हचिन्सन यांचे नाव एकापेक्षा जास्त ठिकाणी भेटते. आईकडून बाळाला आलेल्या सिफिलिस या गुप्तरोगाची तीन लक्षणे त्यांनी एकत्र ओळखली: पुढच्या दातांना पडलेली खाच, डोळ्याच्या बुबुळाची सूज आणि बहिरेपण. डोळ्यांचा, दातांचा आणि कानांचा त्रास घेऊन मुले निरनिराळ्या डॉक्टरांकडे जात होती. तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे हे त्यांनी दाखवून दिले. नागीण नाकाच्या शेंड्यावर आली की डोळ्याला धोका असतो, ही आजही पाळली जाणारी खूणही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुलांना अकाली म्हातारपण आणणाऱ्या प्रोजेरिया या अतिदुर्मीळ आजाराचे पहिले वर्णन 1886 मध्ये त्यांनीच केले.

हे सगळे साधले ते नोंदी ठेवण्याच्या सवयीमुळे. पाहिलेला प्रत्येक वेगळा रुग्ण ते लिहून ठेवत आणि चित्रकारांकडून त्याची रंगीत चित्रे काढून घेत. 1889 पासून सुमारे दशकभर त्यांनी ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ हे नियतकालिक चालवले आणि त्यातला बहुतेक मजकूर स्वतःच लिहिला. त्यांच्या चित्रसंग्रहातील बरीच चित्रे पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेली.

1871 मध्ये काय घडले?

लंडन हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांची एक मुलगी आणली गेली. तिचे आतडे आतड्यात शिरून खाली सरकत इतके पुढे आले होते की त्याचे टोक गुदद्वारातून बाहेर दिसत होते. त्रास सुरू होऊन महिना होत आला होता. अशा वेळी रूढ उपाय होते ते असे: गुदद्वारातून हवा किंवा पाणी चढवायचे, पोट बाहेरून दाबायचे, मुलाला उलटे धरायचे आणि वाट पाहायची. कधी कधी अडकलेला तुकडा सडून आपोआप गळून पडे आणि रुग्ण वाचे. त्यामुळे निसर्ग मार्ग काढील, अशी आशा डॉक्टरही धरून बसत. बहुतेक मुले मात्र दगावत.

पोट उघडणे ही तेव्हा अखेरची, जवळजवळ निषिद्ध गोष्ट होती. भूल देण्याची सोय 1840 च्या दशकात आली होती. पण जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून जोसेफ लिस्टर यांनी सुचवलेली पद्धत 1867 मध्ये प्रसिद्ध होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती आणि सर्वांनी ती स्वीकारलेली नव्हती. लिस्टर हेही क्वेकर घरातलेच. पोट उघडले की पू होणार आणि रुग्ण जाणार, हा बहुतेकांचा अनुभव होता.

हचिन्सन यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. हात लावला नाही तर मूल हळूहळू जाईल आणि त्याचा दोष आजारावर जाईल. पोट उघडले आणि मूल गेले तर दोष शल्यचिकित्सकावर येईल. त्यांनी पोट उघडले. आत शिरलेले आतडे बाहेर खेचून मोकळे केले आणि पोट शिवले. प्रत्यक्ष आतडे सोडवायला काही मिनिटेच लागली. मुलगी बरी झाली. लहान मुलावर या आजारासाठी झालेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून वैद्यकाच्या इतिहासात तिची नोंद झाली.

मग ही शस्त्रक्रिया लगेच सर्वत्र रूढ झाली का?

नाही. आणि इथेच हचिन्सन यांचा खरा गुण दिसतो. एक रुग्ण वाचला म्हणून त्यांनी डंका पिटला नाही. 1874 मध्ये छापून आलेल्या दीर्घ निबंधात त्यांनी आपल्या रुग्णाच्या जोडीला आधीच्या शंभराहून अधिक रुग्णांच्या नोंदी जमवून मांडल्या. कोणत्या उपायाने कोण वाचले, कोण गेले, किती दिवस थांबले होते, याचा हिशेब घातला. पोट न उघडता करण्याचे उपाय त्यांनी टाकाऊ ठरवले नाहीत. ते आधी करावेत, पण उपयोग होत नसेल तर वेळ न दवडता पुढचे पाऊल उचलावे, असा त्यांचा रोख होता.

त्यांच्याच रुग्णालयातले धाकटे सहकारी फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी पुढे आतड्याच्या अडथळ्यावर पुस्तक लिहिले. 1902 मध्ये इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक पुढे ढकलायला लावून पोटातला गळू फोडणारे ते हेच ट्रीव्हज. दुसरीकडे डेन्मार्कमध्ये हर्शस्प्रुंग यांनी पाण्याच्या दाबाने मुलांचे आतडे सोडवण्याची पद्धत पद्धतशीरपणे वापरून चांगले निकाल दाखवले. आज मुलांमध्ये हवा किंवा द्रव चढवून आतडे सोडवण्याचा मार्गच आधी वापरतात; शस्त्रक्रिया त्यानंतर. हचिन्सन यांनी लावलेला क्रम तोच राहिला.

त्याआधी हा आजार कोणाला ठाऊक होता का?

सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमचे पॉल बार्बेट यांनी आतड्यात आतडे शिरल्याचे वर्णन करून शस्त्रक्रिया सुचवली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे जॉन हंटर यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. पुढे हचिन्सन ज्या पदावर प्राध्यापक झाले, ते पद याच हंटर यांच्या नावाचे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘बद्धगुदोदर’ या नावाने आतड्याच्या अडथळ्याचे वर्णन आहे. नाभीखाली डाव्या बाजूने पोट उघडून आतडे बाहेर काढावे, अडथळा दूर करावा, तूप-मध लावून आतडे आत ठेवावे आणि पोट शिवावे, अशी रीत तिथे सांगितली आहे. आतडे फुटले असेल तर काळ्या मुंग्यांकडून त्या जागेला चावा घेववून मुंग्यांच्या मुंडक्यांनीच ते सांधण्याचा प्रसिद्ध उल्लेखही त्याच प्रकरणातला. म्हणजे अडथळा काढायला पोट उघडावे लागते, ही कल्पना जुनीच. ती रुग्ण जगेल अशा रीतीने करण्यासाठी भूल, निर्जंतुकीकरण आणि नेमके निदान या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

एवढा नजरेचा माणूस, तो कधी चुकला का?

चुकला, आणि मोठ्या प्रमाणावर चुकला. कुष्ठरोग हा नीट न टिकवलेली, खराब झालेली मासळी खाल्ल्याने होतो, असे हचिन्सन यांचे मत होते. नॉर्वेचे हॅन्सन यांनी 1873 मध्येच कुष्ठरोगाचा जंतू दाखवला होता. तरीही हचिन्सन मासळीच्या सिद्धांतावर ठाम राहिले. तो सिद्ध करण्यासाठी सत्तरी ओलांडल्यावर ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि 1902-03 च्या सुमारास भारत व सिलोनचा दौरा करून आले. 1906 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही काढले.

महाराष्ट्रातील वाचकाला ही चूक लगेच उमगेल. बाबा आमटे यांचे वरोऱ्याचे आनंदवन किंवा शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन ही कुष्ठरुग्णांसाठीची कामे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, विदर्भात उभी राहिली. कारण रुग्ण तिथेही होते. ज्या माणसाने दात, डोळे आणि कान यांचा एकच धागा ओळखला, तोच माणूस एका आवडत्या तर्काला चिकटून बसला आणि विरोधातला पुरावा त्याला दिसेना. पोटदुखीच्या बाबतीत घरोघरी हेच घडते. एकदा ॲसिडिटी म्हटले की मग सहा महिने सगळे ॲसिडिटीच धरून चालतात.

प्रौढांत हा आजार ओळखणे अवघड का जाते?

लहान मुलांत अचानक रडणे, पोटात हाताला लागणारा गोळा आणि जेलीसारखे लालसर शौच ही तीन लक्षणे शिकवली जातात. प्रौढांत ती तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात. त्यांची तक्रार मोघम असते. कळ येते, जाते. कधी मळमळ, कधी उलटी. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. मध्येच शौचात रक्त. हे आठवडे, कधी महिने चालते; कारण आतडे काही वेळा आत शिरते आणि आपोआप सुटतेही. सुटले की रुग्णाला बरे वाटते, आणि बरे वाटले की तपासणी राहून जाते.

इथे यंत्राने मोठी मदत केली आहे. रुग्णावर पहिले सीटी स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 रोजी झाले, तेही लंडनमध्येच. हचिन्सन यांच्या शस्त्रक्रियेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. आज प्रौढांतील इंटससेप्शनचे निदान मुख्यतः सीटी स्कॅनवर होते. आतड्यात आतडे शिरले की आडव्या छेदात नेमबाजीच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळे दिसतात. चरबी स्कॅनमध्ये ठरावीक काळसर छटेची दिसत असल्याने गाठ लायपोमाची आहे, असा अंदाजही शस्त्रक्रियेआधी बांधता येतो. सोनोग्राफीतही ही वर्तुळे दिसू शकतात, पण पोटात वायू जास्त असला तर चित्र अस्पष्ट येते. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहताना डॉक्टर उपकरणाने गाठ हलकेच दाबतात. लायपोमा असेल तर ती उशीसारखी दबते आणि पुन्हा वर येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये लहान आतड्याचा छोटासा भाग क्षणभर आत शिरलेला दिसतो, गाठ नसते आणि रुग्णाला त्रासही नसतो. असे आढळले तर घाबरू नये. बहुतेकदा ते आपोआप सुटते आणि उपचार लागत नाहीत. अहवालातील एका शब्दावरून स्वतः निष्कर्ष न काढता शल्यचिकित्सकाला दाखवावे.

उपचार काय? आतडे कापावेच लागते का?

प्रौढांत त्रास देणाऱ्या इंटससेप्शनवर मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. मुलांप्रमाणे हवा किंवा पाणी चढवून आतडे सोडवले तरी ओढणारी गाठ आतच राहते आणि आजार परत येतो. त्यामुळे गाठीसह आतड्याचा तेवढा भाग काढून दोन्ही टोके जोडतात. अनेक ठिकाणी हे काम दुर्बिणीतूनही होते.

किती भाग काढायचा हे जागेवर आणि संशयावर ठरते. लहान आतड्यातील कारणे बहुतेक साधी असतात. मोठ्या आतड्यात मात्र निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत कर्करोग निघतो. म्हणून मोठ्या आतड्यात शंका असेल तर शल्यचिकित्सक आत शिरलेला भाग ओढून सोडवण्याच्या फंदात न पडता तो भाग सलग काढतात. ओढताणीत रोगट पेशी पसरू नयेत आणि नाजूक झालेले आतडे फाटू नये, हा त्यामागचा हेतू. गाठ लायपोमाची आहे अशी आधीच खात्री असेल आणि आतडे निरोगी असेल, तर कमी भाग काढून भागते. आतडे अडकलेले नसताना सापडलेली छोटी गाठ काही वेळा दुर्बिणीतून काढता येते.

काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवलीच पाहिजे. चरबीची साधी गाठ होती, हे वाक्य त्या अहवालानंतरच खरे धरायचे. लायपोमा असल्याचे ठरले तर बातमी चांगली. तो भाग गेला की आजार गेला, केमोथेरपी लागत नाही.

भोकरदनमध्ये कळ उठली तर काय करावे?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी, प्राथमिक उपचार आणि पुढे पाठवण्याचा निर्णय होऊ शकतो. सीटी स्कॅन आणि आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे आपली ‘घाटी’, मराठवाड्यातील अनेकांचा अखेरचा आधार आहे. हसनाबाद, राजूर किंवा अन्वा परिसरातून निघणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत खरा वेळ रस्त्यात जात नाही, निघायचे की नाही हे ठरवण्यात जातो. सोयाबीन काढणीला आले आहे, कापसाची वेचणी चालू आहे, पाहुणे यायचे आहेत. कळ तेवढ्यापुरती थांबते आणि जाणे पुढे ढकलले जाते.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवाव्यात. पोटात येऊन-जाऊन कळ दोन-तीन आठवडे चालू असेल, शौचात रक्त दिसत असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी. पोट फुगले आहे, वारा आणि शौच दोन्ही बंद आहे, उलट्या थांबत नाहीत, ताप आहे किंवा पोट लाकडासारखे कडक झाले आहे, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये, पोट चोळू नये आणि तोंडाने काही भरवू नये.

खर्चाची भीती हेही उशिराचे एक कारण असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणी असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे त्यांना विचारता येते. जुने अहवाल, स्कॅनच्या फिल्म आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. कळ कधी आली, किती वेळ राहिली, काय खाल्ले होते, शौच कसे झाले, हे वहीत लिहून नेले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. हचिन्सन आयुष्यभर रुग्णांबद्दल नेमके हेच लिहून ठेवत आले.

हचिन्सन यांचे पुढे काय झाले?

1882 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, 1889 मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले आणि 1908 मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. पण उतारवयातला त्यांचा जीव रमला तो सरे परगण्यातल्या हॅसलमिअर या गावी. तिथे 1888 मध्ये त्यांनी गावकऱ्यांसाठी एक शैक्षणिक संग्रहालय सुरू केले. दगड, जीवाश्म, पक्षी, जुन्या वस्तू मांडल्या आणि रविवारी स्वतः व्याख्याने दिली. विज्ञान शहरातल्या शिकलेल्यांपुरते राहू नये, गावातल्या माणसाने ते हाताळून पाहावे, हा त्यांचा ध्यास होता. ते संग्रहालय आजही चालू आहे. 23 जून 1913 रोजी हॅसलमिअर इथेच त्यांचे निधन झाले. पंच्याऐंशी वर्षे पुरी व्हायला एक महिना उरला होता.

1871 मधल्या त्या मुलीचे आतडे हचिन्सन यांनी सोडवले तेव्हा सीटी स्कॅन नव्हते, रक्त चढवण्याची सुरक्षित सोय नव्हती, प्रतिजैविके तर फार दूर होती. त्यांच्याकडे होते ते इतकेच: बारकाईने पाहण्याची सवय, आधीच्या रुग्णांचा हिशेब, आणि थांबून चालणार नाही हे ओळखून घेतलेला निर्णय. आज बाकीची साधने जालना आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंत येऊन पोहोचली आहेत. तिथवर वेळेत जाण्याचा निर्णय मात्र अजूनही घरातच घ्यावा लागतो.